परिषदेला जाऊन नेमकं काय हाती लागतं?

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पोस्टर येतं. वर मोठ्या अक्षरांत 'उद्योजकता परिषद' नाहीतर 'बिझनेस नेटवर्किंग मीट', खाली चार-पाच वक्त्यांचे कोटातले फोटो, तारीख, सोलापुरातल्या एखाद्या हॉलचं नाव आणि नोंदणीसाठी क्यूआर कोड. संध्याकाळपर्यंत तेच पोस्टर गावच्या ग्रुपवर, बचत गटाच्या ग्रुपवर आणि डेअरीच्या ग्रुपवरही फिरून येतं. मग पारावर विषय निघतो. जायचं का? कोण जाणार? आणि जाऊन आल्यावर हाती काय लागणार?

प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत असल्या परिषदा पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी असत. आता त्या जिल्ह्याच्या गावी आल्यात, काही तालुक्यालाही होऊ लागल्यात. उद्योग विभागाची जिल्हा गुंतवणूक परिषद असते, कृषी खात्याची खरेदीदार-विक्रेता संमेलनं असतात, कॉलेजांचे स्टार्टअप मेळावे असतात, शिवाय खासगी व्यावसायिक क्लबांच्या बैठका वेगळ्या. या गर्दीत कामाचं कोणतं आणि नुसता देखावा कोणता, हे ओळखता आलं नाही तर तरुणाचा एक दिवस वाया जातो. शेतकरी कंपनीच्या बाबतीत मात्र अख्ख्या गावाचा भरवसा पणाला लागतो.

एका दिवसाची किंमत

सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके. करमाळ्याहून किंवा माळशिरसहून सोलापूर गाठायचं तर एका बाजूनं शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास. सकाळी दहाची नोंदणी म्हणजे घरातून निघायचं तांबडं फुटायच्या आधी. परिषद पाचला संपली तर घरी यायला रात्र. ज्याच्या गोठ्यात चार गायी आहेत, त्याला सकाळ-संध्याकाळची धार कुणाच्या तरी गळ्यात घालून निघावं लागतं. रोजंदारीवरच्या माणसाची त्या दिवसाची हजेरी बुडते. दुकानदाराचं दुकान बंद राहतं. त्यामुळे पोस्टरवर 'प्रवेश विनामूल्य' लिहिलेलं असलं तरी परिषद फुकट नसते.

बाईमाणसाचं गणित आणखी वेगळं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे भाड्याची अडचण पूर्वीएवढी राहिली नाही. अडतं ते वेळेपाशी. स्वयंपाक, मुलांची शाळा, म्हातारी माणसं हे सगळं उरकून निघायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं. संध्याकाळी सहानंतर 'नेटवर्किंग डिनर' ठेवणाऱ्या आयोजकाच्या हे डोक्यातच येत नाही. ओळखीपाळखीचा खरा कार्यक्रम नेमका जेवणाच्या वेळी असतो आणि त्या वेळी तालुक्याच्या बायका स्टँडवर गाडीची वाट बघत उभ्या असतात.

तेव्हा जाणाऱ्यानं आधी स्वतःला विचारायला हवं की हा दिवस नेमका कशासाठी खर्च करायचा. भाषण ऐकायला जायचं असेल तर न गेलेलं बरं. त्याहून चांगली भाषणं मोबाइलवर फुकट मिळतात, आणि कंटाळा आला तर बंदही करता येतात.

लांबची ओळख कामाला येते

मग जायचं कशासाठी? या प्रश्नाचं एक उत्तर पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका समाजशास्त्रज्ञानं शोधलं होतं. मार्क ग्रॅनोव्हेटर त्याचं नाव. बोस्टनजवळच्या न्यूटन भागात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यानं विचारलं, की या नोकरीची खबर तुम्हाला कुणाकडून लागली? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांचा हिशेब असा निघाला: खबर देणाऱ्या माणसाशी वरचेवर भेट होती असे जेमतेम १६.७ टक्के, अधूनमधून भेट होती असे ५५.६ टक्के आणि क्वचितच भेट होती असे २७.८ टक्के. म्हणजे उपयोगी पडली ती रोजच्या उठण्याबसण्यातली माणसं नव्हेत, लांबच्या ओळखीची माणसं. १९७३ साली त्यानं हे मांडलं. हा आकडा फक्त ५४ जणांवरून काढलेला होता आणि प्रश्न नोकरीचा होता, धंद्याचा नव्हता, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पण विषय तिथे थांबला नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. लिंक्डइन या नोकरीधंद्याच्या ओळखींसाठीच्या ॲपवरच्या दोन कोटी लोकांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचा तो निष्कर्ष होता. सैल ओळखी नोकरी मिळायला घट्ट ओळखींपेक्षा जास्त उपयोगी पडतात, हे त्यातही दिसलं. त्यात एक पोटकलम मात्र निघालं: अगदीच तोंडओळख असेल तर तीही फारशी कामाची नाही. ना घट्ट ना अगदी विरळ, अशी मधली ओळख सगळ्यात जास्त फळते.

याचं कारण गावाकडच्या माणसाला समजवायला प्राध्यापक लागत नाही. भावकीतल्या माणसाला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. त्याचा व्यापारी तोच, कृषी सेवा केंद्र तेच, बँकेची शाखा तीच, आणि अडचणही तीच. मायेच्या बाबतीत सख्खा भाऊ तो सख्खा भाऊ, पण नवी खबर त्याच्याकडे कुठून येणार? बार्शीच्या डाळमिलमध्ये काम करणाऱ्या माणसाला मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला ठाऊक नसलेल्या दहा गोष्टी ठाऊक असतात. कंदरच्या केळीच्या पॅकहाउसवर माल कोणत्या कारणानं बाजूला काढतात, हे अक्कलकोटात बसून कळत नाही.

सांगोल्याच्या बाजारात हेच चालतं

'नेटवर्किंग' हा शब्द नवा आहे, गोष्ट जुनी. रविवारी सांगोल्याचा जनावरांचा बाजार भरतो. तिथं आलेल्या सगळ्यांनाच काही जनावर घ्यायचं-विकायचं नसतं. कितीतरी जण नुसते फिरतात. खिलार खोंडाला काय मागितलं, कुठल्या गावची जोडी आहे, पेंडीचा भाव काय चाललाय, अमक्या भागात चारा आहे का, हे सगळं विचारत, चहा घेत. घरी परतताना त्यांच्या हातात दावं नसतं, पण पुढच्या महिन्यात म्हैस घ्यायची तर कुणाला फोन करायचा हे त्यांना कळलेलं असतं. पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेतल्या जनावरांच्या बाजाराचंही तेच.

द्राक्षाचं उदाहरण तर याच जिल्ह्यातलं. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेत निवड करून 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' हे वाण दिले. ते कुठल्या प्रयोगशाळेत नव्हे, शेतकऱ्याच्या बागेत तयार झाले. काडी एका बागेतून दुसऱ्या बागेत जायची तर आधी बागायतदार एकमेकांना ओळखायला लागतात. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचं अधिवेशन दरवर्षी भरतं आणि सोलापूर, सांगली, नाशिकचे बागायतदार तिथे आवर्जून जातात, ते काही फक्त व्यासपीठावरचं ऐकायला नाही. मधल्या सुट्टीत कोपऱ्यात उभं राहून छाटणीच्या तारखा, डाउनीचा त्रास, कोणता व्यापारी पैसे बुडवून गेला, हे जे बोलणं होतं ते कुठल्याच स्मरणिकेत छापून येत नाही.

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रावर जानेवारीत 'कृषिक' प्रदर्शन भरतं, तिथली एक गोष्ट यासाठीच घेण्यासारखी आहे. पीक प्रत्यक्ष शेतात उभं असतं. माणूस बांधावर थांबतो, शेजारी थांबलेल्या अनोळखी माणसाशी आपोआप बोलायला लागतो. "तुमच्याकडं पाणी किती दिवस पुरतं?" अशी सुरुवात झाली की पुढचं बोलणं शिकवावं लागत नाही. खुर्च्यांच्या रांगेत पुढच्याच्या पाठीकडे बघत बसलेल्या माणसांत असं होत नाही.

व्यासपीठ वेळ खातं

आपल्याकडच्या बहुतेक परिषदांचं दुखणं इथंच आहे. दहाची वेळ, पाहुणे साडेअकराला. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ. व्यासपीठावर पंधरा माणसं आणि प्रत्येकाचं नाव घेऊन स्वागत. प्रास्ताविकच अर्धा तास. प्रमुख पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं म्हणून त्यांचं भाषण आधी, आणि ते गेले की त्यांच्यामागे निम्मा हॉलही जातो. ज्या तज्ज्ञाला ऐकायला लोक आलेले असतात, त्याला जेवणाआधी पंधरा मिनिटं मिळतात. प्रश्नोत्तरं 'वेळेअभावी' रद्द.

विचारांच्या परिषदा जगभर घेणाऱ्या 'टेड' या संस्थेनं एका वक्त्याला जास्तीत जास्त अठरा मिनिटं अशी मर्यादा घातलेली आहे. गावोगावचे लोक तिच्या परवान्यावर 'टेडेक्स' कार्यक्रम भरवतात, त्यांनाही तोच नियम. आपल्याकडं अठरा मिनिटं आभारप्रदर्शनाला लागतात.

यात गंमत आहे तशी खंतही आहे. दोनशे माणसं एका हॉलमध्ये जमतात. त्यात दूध संकलन करणारा असतो, पॉलिहाउसवाला असतो, पापड-चटणी करणाऱ्या ताई असतात, ट्रक भाड्यानं देणारा असतो, बँकेतला माणूस असतो. एकमेकांना लागणारी माणसं एकमेकांपासून तीन खुर्च्यांवर बसलेली असतात आणि ओळख न होताच घरी जातात. आयोजकानं छातीवर लावायला एक चिठ्ठी दिली असती, नाव, गाव, काम आणि 'काय हवंय' एवढंच लिहिलेली, तरी निम्मं काम झालं असतं. त्याला खर्च किती? कागद आणि टाचणी.

व्यावसायिक क्लबांनी हे आधीच ओळखलंय. अमेरिकेत १९८५ साली इव्हान मिस्नर यांनी सुरू केलेल्या 'बीएनआय'चे गट आता भारतातही शहरोशहरी आहेत. दर आठवड्याला ठरल्या वेळी बैठक, एका गटात एका धंद्याचा एकच माणूस, प्रत्येकानं उभं राहून मोजक्या वेळेत आपलं काम सांगायचं आणि दुसऱ्याला गिऱ्हाईक मिळवून द्यायचं. मराठी उद्योजकांना जोडण्यासाठी अभियंता माधवराव भिडे यांनी २००० साली 'सॅटर्डे क्लब' सुरू केला. त्यातही भाषणापेक्षा गाठीभेटींना महत्त्व. यांची वर्गणी आणि दर आठवड्याच्या हजेरीची शिस्त शहरातल्या इंटिरिअरवाल्याला, सीएला परवडते. तालुक्याच्या गावातल्या वेल्डिंगवाल्याला ती परवडेलच असं नाही. पण भाषण कमी आणि ओळख जास्त, ही रीत उचलायला वर्गणी लागत नाही.

शेतकरी कंपनीची खरी परीक्षा

या सगळ्यात सगळ्यात जास्त पणाला लागलंय ते शेतकरी उत्पादक कंपन्यांचं. दहा हजार कंपन्या उभ्या करण्याची केंद्राची योजना फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली, आणि दहा हजारावी कंपनी झाल्याची घोषणा फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली. सपाटीच्या भागात किमान ३०० सभासद. व्यवस्थापनाच्या खर्चाला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत. सभासदांनी जमवलेल्या भागभांडवलाएवढंच सरकारी भागभांडवल, पण सभासदामागे जास्तीत जास्त दोन हजार आणि एका कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख.

यातला 'तीन वर्षं' हा शब्द नीट वाचायला हवा. योजनेच्या सुरुवातीच्या काळात नोंदलेल्या कंपन्यांची ती वर्षं सरलीत. व्यवस्थापकाचा पगार, ऑफिसचं भाडं आता धंद्यातून काढायचं आहे. तीनशे घरांतून गोळा केलेला पैसा त्यात आहे. खत-बियाणांची विक्री करून थोडं मार्जिन मिळतं, पण गावच्या मालाला थेट खरेदीदार मिळाला नाही तर कंपनीचं फक्त एक दुकान होतं.

म्हणून अशा कंपन्यांच्या संचालकांनी खरेदीदार-विक्रेता संमेलनाला जायलाच हवं. जागतिक बँकेच्या मदतीनं चालणारा 'स्मार्ट' प्रकल्प आणि आशियाई विकास बँकेच्या मदतीचा 'मॅग्नेट' प्रकल्प यांतून शेतकऱ्यांच्या संस्था आणि खरेदीदार यांची गाठ घालून देण्याचं काम होतं. मॅग्नेटच्या पिकांत डाळिंब आणि केळी आहे, म्हणजे सांगोला आणि करमाळा थेट त्यात येतात.

आता तिथं काय होतं ते बघा. संचालक जातात, स्टॉलवर नमुना मांडतात, मोठ्या कंपनीचा खरेदी अधिकारी येतो, हातात डाळिंब घेऊन बघतो, कार्ड देतो. संध्याकाळी व्यासपीठावर 'सामंजस्य करार' होतात, फाइल हातात घेऊन फोटो निघतो. फोटो गावच्या ग्रुपवर पोचतो आणि "आपल्या कंपनीचा करार झाला" अशी हवा होते. सामंजस्य करार म्हणजे एकत्र काम करायची इच्छा आहे एवढंच बहुतेक वेळा त्यात असतं. किती टन, कोणत्या भावानं, कोणत्या तारखेला, हे त्यात नसेल तर माल उचलायला कुणी बांधील नाही. पुढं हंगामात ट्रक आला नाही की सभासद विचारतात, "तुमच्या कराराचं काय झालं?" एकदा असं झालं की दुसऱ्या वर्षी सभासद माल पुन्हा जुन्या आडत्याकडे नेतो. त्याला दोष कसा देणार?

खरेदीदाराच्या टेबलावर मिळतात दहा-पंधरा मिनिटं. त्यात "आमच्या गावाकडं एक नंबर माल आहे" हे सांगण्यात वेळ घालवणारे संचालक बरेच. सगळेच तसं म्हणतात, त्यामुळे समोरच्याच्या कानावरून ते जातं. त्यापेक्षा विचारायचं असं: कोणत्या आकाराचं फळ लागतं, किती ग्रॅमच्या पुढं? बॉक्स कुणाचा? वजन आमच्या शेडवर होणार की तुमच्या गोदामात? माल नापसंत केला तर परत आणायचा खर्च कुणाचा? पैसे किती दिवसांत? शेवटच्या दोन प्रश्नांना गुळमुळीत उत्तर आलं तर कार्ड खिशात ठेवून पुढच्या टेबलाकडे जावं.

समोरून येणाऱ्या प्रश्नांचीही तयारी हवी. सोलापूर-मंगळवेढा पट्ट्यातली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आता सगळीकडे पोचलीय. कितीतरी बचत गट त्यावर उभे आहेत. गटाच्या ताई चव चाखायला देतात, समोरचा खूश होतो आणि मग विचारतो: किती दिवस टिकते? अन्न परवाना आहे का? पाकिटावर बारकोड आहे का? महिन्याला किती पाकिटं देऊ शकाल? चौथ्या प्रश्नापाशी बोलणं अडतं. "तुम्ही सांगाल तेवढी" हे उत्तर मनातून आलेलं असतं, पण खरेदीदाराला ते कच्चं वाटतं. "आत्ता महिन्याला इतकी, दोन महिन्यांची मुदत दिली तर दुप्पट" असं आकड्यात सांगितलं की तो वही उघडतो. हा आकडा परिषदेच्या हॉलमध्ये सुचत नाही. आदल्या आठवड्यात गटात बसून, भट्ट्या किती, हात किती, ज्वारी किती, हे मोजूनच तो येतो.

'उमेद' अभियानाच्या मुंबईतल्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात माल नेणाऱ्या गटांना हा धडा स्टॉलवरच मिळतो. तिथली विक्री महत्त्वाची आहेच, पण दुकानदार म्हणून येऊन चौकशी करणारं एखादं गिऱ्हाईक त्याहून मोठं. त्याचा नंबर बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिला आणि ते बिलबुकच हरवलं, असं व्हायला नको.

परिषद की सापळा?

पोस्टरच्या गर्दीत काही पोस्टरं वेगळ्याच कामाची असतात. 'आर्थिक स्वातंत्र्य सेमिनार', 'घरबसल्या लाखोंची संधी'. धंदा कोणता हे शेवटपर्यंत सांगत नाहीत. हॉलमध्ये गाणी, टाळ्या, कुणीतरी नव्या गाडीचा फोटो दाखवतो, आणि शेवटी कळतं की आधी पैसे भरून स्वतः आत यायचं, मग आणखी माणसं आणायची. माल विकून नव्हे तर माणसं जोडून पैसे मिळत असतील तर ती साखळी योजना. पैसे फिरवणाऱ्या अशा योजनांवर १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि थेट विक्रीसाठी २०२१ साली आलेल्या नियमांतही पिरॅमिड योजना चालवायला मनाई आहे. अडचण अशी की इथं माणूस पोलिसांत जायलाही कचरतो, कारण त्याला आणणारा साडू असतो आणि त्यानं स्वतः आणलेला मेव्हणा असतो.

दुसरा प्रकार कमी धोक्याचा, पण रोजचा. योजनांची माहिती देणारी परिषद भरते आणि दाराशी 'प्रस्ताव करून देणारे' बसलेले असतात. 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. तिचे हजार-पाचशे घेणारा माणूस फक्त फॉर्म भरून देतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत (पीएमएफएमई) प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. तिचा प्रस्ताव करायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते आणि तिचं मानधन सरकार देतं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागासाठी सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, मागासवर्ग अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान, तिथं दार जिल्हा उद्योग केंद्राचं. परिषदेत या खात्यांचा माणूस भेटला तर योजना काय आहे हे विचारण्यात वेळ घालवू नये, ते मोबाइलवर कळतं. विचारायचं ते हे, की गेल्या वर्षी आपल्या तालुक्यातले प्रस्ताव बँकेत कोणत्या कारणानं परत गेले? याचं उत्तर कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

घरी आल्यावर

बहुतेकांची परिषद गाडीत बसल्यावर संपते. खिशात बारा कार्डं, मोबाइलमध्ये सात नवे नंबर. त्यातले तीन नुसते 'पाटील' नावानं सेव्ह केलेले. महिन्यानं कोणता पाटील कुठला, काही आठवत नाही. नंबर घेतानाच 'नाव, गाव, काम' असं लिहिलं तर हा गोंधळ होत नाही. आठ दिवसांच्या आत एक फोन झाला तर समोरच्याला चेहरा आठवतो. त्या फोनवर लगेच काम सांगायचं नसतं. "भाऊ, तुम्ही त्या दिवशी ड्रिपच्या माणसाचं विचारत होता, हा घ्या नंबर" एवढं केलं तरी ओळख तोंडओळखीच्या पुढं सरकते. दोन कोटी लोकांच्या अभ्यासातून निघालेली मधली ओळख म्हणजे साधारण हीच.

आणखी एक गोष्ट गावपातळीवर बोलली जात नाही. दर वेळी जाणार कोण? शेतकरी कंपनीचे अध्यक्ष, गटाच्या अध्यक्षा, नाहीतर सरपंच. मानाचा प्रश्न असतो, फोटोचाही असतो. पण खरेदीदारानं हिशेब विचारला की अध्यक्ष गावात फोन लावतात आणि माहिती देतं ते हिशेब बघणारं पोरगं किंवा बी.कॉम. झालेली सून. मग तिलाच का नेलं नाही? दोघं गेले तर एकानं स्टॉल सांभाळावा आणि दुसऱ्यानं हॉल फिरावा. आणि जो कुणी जाऊन आला असेल, त्यानं ग्रामसंघाच्या किंवा कंपनीच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं तरी सांगावं: कोण भेटलं, काय म्हणालं, भाव काय होता, नंबर कुणाकडं आहे. तीनशे सभासदांच्या खर्चानं गेलेल्या माणसाकडं एवढं मागायला हरकत नसावी.

तालुक्याला असं काही भरवायला मोठा हॉल आणि मोठा पाहुणा लागतोच असंही नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी सगळे तसेही गावात येतात. बाजार समितीची किंवा पंचायत समितीची एखादी खोली दुपारी दोन तास मिळाली, भिंतीवर दोन कोरे कागद लावले, एकावर 'मला हवंय' आणि दुसऱ्यावर 'माझ्याकडं आहे', तरी चाळीस-पन्नास माणसांची सोय होते. सांगोल्यात रविवारी बाजाराला येणारा दूधवाला, मिल्किंग मशीन दुरुस्त करणारा पोरगा आणि मुरघासाच्या बॅगा विकणारा हे तिघं आजही त्याच रस्त्यानं जातात. चारच्या आत उरकलं तर धारेच्या वेळेला घरीही पोचता येतं.